रिटर्न गिफ्ट म्हणून पुस्तक द्यायचंय? मग ते मुलांना निवडू द्या

आधी प्रश्न थोडक्यात. कोथरूडच्या एका आईने विचारलं आहे: लेकीला जानेवारीत सातवं वर्ष पूर्ण होतंय. वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये, मुलं साधारण २२, वयं चार ते दहा. बरीचशी इंग्रजी माध्यमातली, पाच-सहा मराठी शाळेतली, दोघांच्या घरी हिंदी बोलतात. दरवेळच्या त्या खेळणी-चॉकलेटच्या पिशव्यांऐवजी यंदा पुस्तक द्यावं असं मनात आहे. प्रत्येकी १०० ते १२० रुपये खर्चायची तयारी आहे. सासूबाई म्हणतात, मुलं हिरमुसतील. शेजारीण म्हणते, हल्ली कोण वाचतंय. सगळ्यांना एकच पुस्तक द्यावं की वेगवेगळी? मराठी की इंग्रजी? आणि आणायची कुठून?

मी गेली १९ वर्षं पुण्यात मुलांचं वाचनालय चालवते. वाढदिवसाला पुस्तकं द्यायची म्हणून सल्ला विचारायला दर महिन्याला कोणी ना कोणी येतंच. त्यामुळे उत्तर आधी सांगते आणि मग कारणं. पुस्तकं जरूर द्या. पण एकाच पुस्तकाच्या २२ प्रती घेऊ नका, चकचकीत कागदात बांधू नका आणि दारात उभं राहून हातात देऊ नका. सतरंजीवर ३० पुस्तकं मांडा आणि प्रत्येक मुलाला आपलं पुस्तक आपण उचलू द्या. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती बसवायचं.

तुमच्या सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, हेही आधीच सांगते. मुलं हिरमुसतात. मी पाहिलेलं आहे, आणि माझ्याच हातून झालेलं आहे. वाचनालय सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाची जबाबदारी मी घेतली. बोधकथांचं एक पुस्तक निवडलं, त्याच्या २५ प्रती आणल्या, निळ्या कागदात बांधल्या, वर रिबीन लावली. मुलं जाताना एकेकाच्या हातात पुडा दिला. जिन्यातच कागद फाडल्याचे आवाज आले. एका मुलीने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि मैत्रिणीला विचारलं, "तुला काय मिळालं?" "हेच." मग तिसऱ्याने दाखवलं, त्याचंही तेच. पुस्तक उघडलं कुणीच नाही. दोन महिन्यांनी त्यातल्या तीन प्रती वाचनालयात देणगी म्हणून परत आल्या. कोऱ्या होत्या, पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्या तीन प्रती मी आजही ठेवल्या आहेत आणि सल्ला विचारायला आलेल्या आयांना दाखवते.

त्यावर मी खूप विचार केला. पुस्तक वाईट नव्हतं, मुलंही वाचनाच्या विरोधात नव्हती. पाच वर्षांच्या मुलाला ते जड जात होतं, नऊ वर्षांच्याला बाळबोध वाटत होतं आणि सात वर्षांच्याला त्या विषयात रस नव्हता. चार ते दहा या वयात वाचनातला फरक फार मोठा असतो. चार वर्षांचं मूल चित्र वाचतं. सहा वर्षांचं अक्षर लावतं, 'क' ला काना 'का', आणि जोडाक्षर आलं की अडखळतं. दहा वर्षांचं मूल जमिनीवर पालथं पडून शंभर पानं संपवतं. या तिघांना एकच पुस्तक देणं म्हणजे तिघांना एकाच मापाची चप्पल देण्यासारखं आहे. खेळण्याच्या पिशवीत हा प्रश्न येत नाही, कारण शिट्टी चार वर्षांच्यालाही वाजवता येते आणि दहाच्यालाही. म्हणून पिशवी खपते आणि पुस्तक पडून राहतं, आणि मग लोक म्हणतात, हल्ली कोण वाचतंय.

पुढच्या वर्षी मी सतरंजी घातली.

आता ती कशी घालायची ते नीट सांगते, कारण बारकावे इथेच आहेत.

मुलं २२ असतील तर पुस्तकं ३० घ्या. शेवटी येणाऱ्या मुलासमोरही आठ-नऊ पुस्तकं उरली पाहिजेत, नाहीतर त्याने निवड केली असं होत नाही, त्याच्या वाट्याला उरलेलं आलं असं होतं. नावं साधारण २४-२५ असू द्या आणि ज्यांवर उड्या पडणार हे दिसतंच आहे त्यांच्या दोन-दोन प्रती घ्या. डायनोसॉर, जेसीबी आणि ट्रक, भुतं, साप, अवकाश, कुत्रा-मांजर. हे विषय १९ वर्षांत बदललेले नाहीत.

पुस्तकं थप्पीने नको, कव्हर वर करून ठेवायची, दोन पुस्तकांत चार बोटं जागा सोडून. मुलं कणा वाचत नाहीत, चित्र पाहतात. वयाप्रमाणे किंवा भाषेप्रमाणे गट करू नका. "हा मराठीचा, हा इंग्रजीचा, हा लहान मुलांचा" अशा पाट्या लावल्या की नऊ वर्षांचा मुलगा मनात असलं तरी 'लहान मुलांच्या' बाजूला जाणार नाही, आणि इंग्रजी शाळेतली मुलं मराठीकडे बघायचीही नाहीत. सगळी मिसळून ठेवा.

वेळ महत्त्वाची. केक आणि खाणं झाल्यावर, घरी जायच्या आधी २०-२५ मिनिटं. आणि त्याआधी हात धुवायला लावा, अगदी साबणाने. केकच्या क्रीमचं बोट एकदा का कोऱ्या पानावर उमटलं की ते निघत नाही, तेलकट डाग मागच्या पानापर्यंत जातो, आणि मग ते पुस्तक कुणालाच नको असतं. हात पुसायला जुना पंचा सतरंजीच्या कडेलाच ठेवा.

मग सगळ्यांना एकदम सोडू नका. नावांच्या चिठ्ठ्या काढून चार-चार जणांना पाठवा. अगदी लहानांना आधी पाठवलंत तरी चालेल, त्यांचा धीर लवकर सुटतो. बाकीची मुलं तोवर काय करणार? तेव्हाच एक पुस्तक वाचून दाखवा, आई, मावशी, कॉलेजातला दादा, ज्याचा आवाज मोकळा असेल त्याने. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, पान सावकाश उलटायचं, आणि मजकुरात नसलेली स्पष्टीकरणं देत बसायचं नाही. १६ पानांचं चित्रपुस्तक वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ २२ मुलं बसतात, फुगे आधी फोडून झालेले असले तर नक्की बसतात.

सगळ्यांची निवड झाली की दहा मिनिटं अदलाबदलीला द्या. "हे माझ्याकडे आहे", "मला तिचं आवडलं" हे सगळं तिथल्या तिथे मिटतं. या दहा मिनिटांत मुलं एकमेकांना आपापल्या पुस्तकाबद्दल सांगतात. त्यांना तसं सांगायला लावलं तर ती सांगत नाहीत. अदलाबदल करायची असते तेव्हा आपणहून सांगतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: या वेळात पालकांना सतरंजीपासून लांब ठेवा. त्यांचा चहा मुद्दाम दुसऱ्या खोलीत किंवा हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हे मी जरा कडक शब्दांत सांगते, कारण निवड बिघडवतो तो बहुतेक वेळा मागे उभा असलेला मोठा माणूसच. "हे काय, किती बारीक आहे, ते मोठं घे." "तुला वाचता येणारे का ते?" "मराठी कशाला, इंग्लिश घे ना." मूल हातातलं पुस्तक खाली ठेवतं, आईने दाखवलेलं उचलतं, आणि त्या क्षणी ते पुस्तक आईचं होतं. आईने घेतलेली पुस्तकं त्याच्या घरी आधीच असतात.

एका वाढदिवसातला आठ वर्षांचा एक मुलगा मला आठवतो. वाचनाच्या नावाने घरात रोज भांडणं व्हायची, हे त्याच्या आईने मला आधीच सांगितलं होतं. त्याची चिठ्ठी उशिरा निघणार होती. तो पहिल्याच फेरीत सतरंजीशेजारून पाणी प्यायला गेला, येताना वाकला आणि मुंग्यांवरचं एक २४ पानी पुस्तक हळूच एका मोठ्या पुस्तकाखाली सरकवलं. नंतर त्याचा नंबर येईपर्यंत त्याची नजर त्या कोपऱ्यावरून हलली नाही. कुणी तिकडे हात नेला की त्याचे खांदे ताठ व्हायचे. मी पाहिलं, पण बोलले नाही. नंबर आल्यावर त्याने पुस्तक काढलं आणि पहिलं पान न बघता थेट मधलं पान उघडलं, वारुळाच्या आतलं चित्र. तिथेच भिंतीला टेकून बसला. त्याला घरी न्यायला त्याच्या वडिलांना दोनदा हाक मारावी लागली.

तो पुढे मोठा वाचक झाला असं काही मी सांगणार नाही, मला माहीतही नाही. पण मिळवावं, लपवावं असं त्याला वाटलं ते एक पुस्तक होतं, आणि मी निळ्या कागदात बांधून दिलं असतं तर तसं वाटलं नसतं.

आता पुस्तकं निवडायची कशी. दुकानात गेल्यावर गोंधळ होतो, म्हणून माझ्या खुणा देते.

आतलं पहिलं पान उघडा आणि लेखकाचं नाव बघा, चित्रकाराचं नाव बघा. दहा पुस्तकांचा चकचकीत संच स्वस्तात मिळतो, पण त्यावर पुष्कळदा लेखकाचंही नाव नसतं आणि चित्रकाराचंही. ज्या पुस्तकाची जबाबदारी नावानिशी कुणी घेतलेली नाही, त्यात ससा एका पानावर पांढरा आणि पुढच्या पानावर करडा असतो, आणि मजकूर म्हणतो एक आणि चित्र दाखवतं दुसरंच. मोठ्यांना हे दिसत नाही. मुलांना लगेच दिसतं.

दुसरी खूण म्हणजे तिथेच उभं राहून एक पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवा. मराठी बालपुस्तकांत अनुवाद बरेच असतात. चांगला अनुवाद कानाला कळतो, वाईट अनुवादात "त्याने आपल्या आईला एक मोठे आलिंगन दिले" अशी वाक्यं येतात. आपल्याकडे मूल आईला मिठी मारतं किंवा आईच्या गळ्यात पडतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी पानावर एक-दोन वाक्यं, टपोरं अक्षर आणि जोडाक्षरं कमी हवीत.

तिसरी, शेवटचं पान बघा. तिथे 'तात्पर्य' असेल तर मी ते पुस्तक घेत नाही. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटेल असं नाही. पण गोष्ट संपल्यावर मुलाच्या मनात जे चाललेलं असतं त्यावर ते एक वाक्य झाकण घालतं.

बांधणीही बघा. लहानांची चित्रपुस्तकं बहुधा मध्ये दुमडून दोन पिना मारलेली असतात, म्हणून पानं चारच्या पटीत असतात, १२, १६, २४. ही बांधणी चांगली, पुस्तक सपाट उघडतं. फक्त पिनांची टोकं आतून नीट दाबलेली आहेत ना, गंजलेली नाहीत ना, यावरून बोट फिरवून बघा. कडेने गोंद लावलेली स्वस्त पुस्तकं दोनदा पूर्ण उघडली की पान सुटतं. चार वर्षांच्यांसाठी दोन-तीन जाड पुठ्ठ्याची बोर्डबुकं घ्या. ती महाग पडतात, म्हणून दोन-तीनच.

प्रकाशकांबद्दल. प्रथम बुक्स ही २००४ पासून काम करणारी बंगळुरूची संस्था भारतीय भाषांत, मराठीतही, कमी किमतीची चित्रपुस्तकं काढते. त्यांच्या पुस्तकांवर वाचनपातळी १ ते ४ अशी छापलेली असते, नवख्या पालकाला तिचा फार उपयोग होतो. तुमच्या मुलांसाठी पातळी १ आणि २ ची जास्त, ३ ची थोडी आणि ४ ची दोन-तीन पुरतील. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं स्वस्त असतात. आपल्या पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचं मुलांसाठीचं काम फार जुनं आणि मनापासून केलेलं आहे, त्यांच्या चित्रपुस्तकांतली घरं, माणसं, भाज्या आपल्या ओळखीच्या असतात. चेन्नईचं तुलिका द्विभाषिक चित्रपुस्तकं काढतं, एका पानावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही मजकूर. ती थोडी महाग असतात, पण तुमच्या मुलांच्या मिश्रणात चार-पाच असायलाच हवीत.

दहा वर्षांच्या दादा-ताईंसाठी पातळ पुस्तकापेक्षा 'किशोर' मासिकाचे अंक ठेवा. बालभारती ते १९७१ पासून काढते आहे. जानेवारीत वाढदिवस आहे म्हणजे दिवाळी अंक मिळाला तर उत्तमच, भरपूर वाचायला असतं.

भाषेबद्दल विचारलंत. मी साधारण निम्मी मराठी, बाकी इंग्रजी आणि द्विभाषिक, आणि दोन-तीन हिंदी ठेवीन. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी समजतं पूर्ण, बोलतंही फडाफडा, पण वाचताना वेग पडतो आणि त्याला लाज वाटते. अशा मुलाने मराठी पुस्तक उचललं तर ते चित्रासाठी उचलतं आणि घरी जाऊन आजीला वाचायला सांगतं. मला त्यात काहीही कमी वाटत नाही. सात वर्षांच्या मुलाने वाचायचं म्हणजे एकट्यानेच वाचायचं असं कुणी ठरवलं? ऐकणंही वाचनच आहे. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं पुस्तक ते मूल मग एकटं उघडतं, आणि गोष्ट पाठ असल्यामुळे अक्षरं आपोआप लागत जातात.

ज्या मुलांना वाचायला खरोखर त्रास होतो तीही या २२ मध्ये असतील. त्यांच्यासाठी दोन-तीन शब्दविरहित चित्रपुस्तकं, एखादं कोड्यांचं, एखादं चित्रकथेचं असू द्या. मिसळून ठेवण्याचा हा मोठा फायदा आहे. कुणालाही काही जाहीर करावं लागत नाही, मूल आपल्याला झेपेल ते उचलतं आणि निघून जातं.

खरेदीचं सांगते. अप्पा बळवंत चौकात जा. आठवड्यातल्या दिवशी, सकाळी. वनाज किंवा आनंदनगरहून मेट्रोत बसलात तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडईला उतरायचं, तिथून चालत जाता येतं, पार्किंगचा प्रश्न मिटतो. चौकात रसिक साहित्य आहे, बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा आहे. "लहान मुलांची ३० पुस्तकं हवीत" एवढंच म्हणालात तर समोर संच येतील. प्रकाशकाचं नाव घेऊन मागा. ३० पुस्तकांवर सूट विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. उरलेली चांगल्या स्थितीतली पुस्तकं बिलासह परत घ्याल का, हेही आधीच विचारून ठेवा, काही दुकानदार हो म्हणतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवर आणि रंगवायच्या पुस्तकांवरही नाही, त्यामुळे बिलात छापील किमतीवर कर लागणार नाही.

तुमचा वाढदिवस जानेवारीत म्हणजे आणखी एक सोय आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो. अनेक प्रकाशक एकाच मैदानात सापडतात आणि पुस्तक हातात घेऊन बघता येतं. गर्दी टाळायला दुपारी लवकर जा.

पैशांचं गणित सोपं आहे. १६ ते २४ पानांची चांगली चित्रपुस्तकं शंभराच्या आत पुष्कळ मिळतात, काही पन्नासच्या आसपास. बोर्डबुकं आणि द्विभाषिक पुस्तकं थोडी वर जातील, ते एकमेकांत भागतं. ३० पुस्तकं २४००-२६०० रुपयांत बसतात. तुम्ही धरलेल्या बजेटमध्येच, आणि कागद-रिबीन-पिशवीचा खर्च वाचतो.

काही जण मला स्टोरीवीव्हरबद्दल विचारतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेला हा खुला संग्रह आहे, त्यातली मराठी पुस्तकं मोफत उतरवून छापता येतात, फक्त लेखक-चित्रकारांची नावं आणि परवान्याचा मजकूर काढायचा नाही. घरी मुलांना दाखवायला तो उत्तम आहे. पण वाढदिवसासाठी छापून घ्याल तर स्वस्त पडेलच असं नाही. १६ पानांचं पुस्तक म्हणजे चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी, आठ रंगीत बाजू. एका बाजूला १० रुपये धरले तरी ८० झाले, वर मधोमध पीन मारायला लांब हाताचा स्टेपलर हवा. त्यापेक्षा छापील पुस्तक घ्या.

आता तुमच्या लेकीचं. पुस्तकं आणायला तिला घेऊन जा. २५ नावांपैकी पाच तिने निवडायची, तुम्हाला कितीही न पटणारी असली तरी. नाहीतर घरी आणलेली ३० नवी पुस्तकं बघून तिला वाटणार की ही माझी, आणि वाढदिवसाच्या दिवशी ती दुसऱ्यांना जाताना रडू येणार. मी असं रडू पाहिलंय आणि त्यात मुलाची चूक नसते. तिला सर्वांत आधी एक उचलू द्या आणि तेवढं तिचं. उरलेली लोकांची, हे तिला आधीच माहीत हवं.

शिवाय तिला एक काम द्या. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे ३० कागद, त्यावर तिने काढलेलं काहीही, फूल, रॉकेट, मांजर, आणि खाली "हे पुस्तक ............ चं आहे" एवढंच. मुलाने पुस्तक निवडलं की ही चिठ्ठी आतल्या पानावर डिंकाने चिकटवायची आणि त्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहायचं. पाच वर्षांच्याचं नाव रेघेबाहेर जाईल, 'र' उलटा येईल, जाऊ द्या. वाढदिवसाच्या मुलीचा फोटो, तारीख, 'च्या वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट' असलं काही त्यावर छापू नका अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तसं छापलं की पुस्तक कायम दुसऱ्याच्या वाढदिवसाची आठवण राहतं.

पुस्तकासोबत खेळणं द्यावं का? मी देणार नाही. शेजारी शिट्टी असली की पुस्तक पिशवीच्या तळाशी जातं. हातात काहीतरी गोड द्यावं असं वाटलं तर राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की द्या, वाटेत संपते. तरीही कुणाला खेळणी द्यायचीच असली तर एवढं लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि स्वस्तातल्या सुट्या खेळण्यांवर ते आहे का हे एकेक उलटून बघावं लागतं. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवरही १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, सजावटीवाल्याला तेवढं सांगून ठेवा.

आणखी एक, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. सोसायटीत वॉचमनची मुलं असतील, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं असतील. पुष्कळदा कार्यक्रम संपल्यावर उरलेली पुस्तकं त्यांना दिली जातात, चांगल्या मनाने दिली जातात. पण उरलेलं पुस्तक देऊ नका. त्यांना वाढदिवसाला बोलवा, २२ मध्ये धरा, त्यांच्या नावाची चिठ्ठी त्याच डब्यात टाका. तीही सतरंजीभोवती फिरू देत, दोन पुस्तकं उचलून खाली ठेवू देत, तिसरं घेऊ देत. एका सोसायटीत वॉचमनच्या मुलीने तीन फेऱ्या मारल्या, एकेक कव्हर बोटाने हलकेच सरळ केलं आणि मग मला विचारलं, "कोणतंपण घेतलं तर चालेल?" चालेल म्हटल्यावर तिने अंतराळवीरांचं घेतलं. शेवटी खरोखर उरली ती सात-आठ पुस्तकं दुकानात परत करा किंवा जवळच्या बालवाडीला द्या, तिथे ती सगळ्यांची होतात.

दुसऱ्या दिवशी पालकांना "वाचलं का पुस्तक?" असं विचारू नका, आणि ग्रुपवर मुलांचे वाचतानाचे फोटोही मागवू नका. काही पुस्तकं त्याच रात्री वाचली जातील, काही पावसाळ्यात सापडतील, एक-दोन कधीच नाही. ते तसंच असतं. माझ्या वाचनालयातही तसंच आहे.

आता तयारीला लागा. डिसेंबर मध्यापर्यंत यादी, महोत्सवात किंवा चौकात एक फेरी लेकीसोबत, आणि चिठ्ठ्या रंगवायला तिला नाताळची सुट्टी. जाताना दोन मजबूत कापडी पिशव्या न्या, ३० पुस्तकं एका पिशवीत भरली की बंद खांद्याला रुततो. एक पिशवी तिच्याकडे द्या, त्यात तिची पाच.